नाचाला जमीन लागते

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला पंतप्रधान आले आणि बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. मानोरा तालुक्यातलं हे गाव बंजारा समाजाचं मोठं तीर्थ. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीच्या यात्रेला देशभरातून लोक येतात. संग्रहालयाच्या इमारतीला नंगाऱ्याचा आकार दिलाय. नंगारा म्हणजे बंजाऱ्यांचं वाद्य. तो वाजला की पाय थांबत नाहीत, असं तांड्यावरची कुठलीही म्हातारी सांगेल.

इमारत झाली हे चांगलंच झालं. ज्या समाजाची नोंद इंग्रजांनी गुन्हेगार जमात म्हणून केली, त्याचा इतिहास सन्मानाने मांडला जावा, यात वाद नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. नंगाऱ्याच्या आकाराची इमारत उभी राहिली, पण याच जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावरच्या वीस वर्षांच्या मुलीला नंगाऱ्यावर आजपर्यंत कुणी केलं नाही असं काही बसवायचं असेल, तर तिने तालीम कुठे करायची? कुणासोबत? किती महिने? आणि ते बसवल्यावर बघायला कोण येणार?

या चारही प्रश्नांना आपल्या जिल्ह्यात उत्तर नाही. मुंबई-पुण्याबाहेर बहुतेक महाराष्ट्रातही नाही. आपण नाचाचं ‘जतन’ करतो. नवा नाच ‘रचणं’ हे काम आहे, त्याला वेळ, जागा आणि पैसा लागतो, हे आपल्या डोक्यातच नाही. हे म्हणणं पटवायला मी एका माणसाचं आयुष्य तुमच्यासमोर ठेवणार आहे. तो वाशिमचा नव्हता, मराठीही नव्हता. पण तो महाराष्ट्रात राहिला, मुंबईत काम केलं, मुंबईतच गेला आणि मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी त्याची जवळजवळ दखलच घेतली नाही. त्याचं नाव अस्ताद देबू.

कोण हा माणूस?

जन्म १३ जुलै १९४७, नवसारीचा, पारशी घरातला. वाढला जमशेदपूरला. सहाव्या वर्षापासून गुरू प्रल्हाद दास यांच्याकडे कथक. पुढे मुंबईत पोदार कॉलेजला कॉमर्स. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही मध्यमवर्गीय घरातली वाटेल. मुलगा नाच शिकला, कॉलेज केलं, आता बँकेत लागेल.

मग मुंबईत त्याने अमेरिकी नर्तक मरे लुईसच्या कंपनीचा कार्यक्रम पाहिला. शरीर असंही हलू शकतं, हे त्याला तिथे दिसलं. १९६९ मध्ये तो मुंबई बंदरातून मालवाहू बोटीने निघाला आणि पुढे लिफ्ट मागत मागत युरोपात पोहोचला. लंडनला मार्था ग्रॅहमचं तंत्र शिकला, न्यू यॉर्कला होजे लिमोनचं. जर्मनीत वुपरटालला पिना बाउशसोबत काम केलं. युरोप, अमेरिका, जपान, इंडोनेशिया असं बघत, शिकत, नाचत जवळपास आठ वर्षं काढली. १९७७ मध्ये परत आला आणि आल्यावर काय केलं, तर केरळात गुरू ई. के. पणिक्कर यांच्याकडे कथकली शिकायला बसला.

हा क्रम लक्षात ठेवा. सहाव्या वर्षी कथक, विशीत ग्रॅहम, तिशीत कथकली. ‘मॉडर्न’ म्हणजे मनाला येईल तसे हातपाय हलवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा क्रम दोनदा वाचावा. देबूंनी जे मोडलं ते आधी शिकून घेतलं होतं. त्यांच्या नाचात कथकच्या चकरा होत्या, कथकलीचे डोळे होते, ग्रॅहमचं पोटातून आकसणं होतं. पण यातलं कुठलं कुठे संपतं आणि कुठलं कुठे सुरू होतं, हे बोट ठेवून दाखवता येत नसे.

त्या काळात भारतात याची कदर झाली नाही. शास्त्रीयवाल्यांना ते परदेशी वाटायचे, परदेशात ते ‘पुरेसे भारतीय’ नसायचे. दोन्हीकडे अर्धे. अशा अवस्थेत माणूस साधारणपणे एक बाजू निवडतो, कारण बाजू निवडली की कार्यक्रम मिळतात. देबूंनी निवडली नाही. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो सर्जनशील नृत्यासाठी, पद्मश्री २००७ मध्ये. म्हणजे परत आल्यानंतर पहिला मोठा राष्ट्रीय सन्मान मिळायला अठरा वर्षं लागली. आधुनिक नृत्याला सरकार पैसा देत नाही आणि कंपन्यांच्या दारात उभं राहावं लागतं, हे ते मुलाखतींतून उघडपणे बोलायचे. १० डिसेंबर २०२० रोजी मुंबईत, वयाच्या ७३व्या वर्षी ते गेले. कोविडचे दिवस होते. बातमी आली आणि खाली सरकली.

त्यांनी केलं काय?

त्यांच्या कामाच्या क्लिप फोनवर सापडतात. बघाल तर पहिल्यांदा कंटाळा येण्याची शक्यता आहे. एक उंच माणूस, अंगात घेरदार लांब झगा, आणि तो इतका हळू हलतोय की व्हिडिओ अडकलाय असं वाटावं. एक हात वर जायला अख्खं मिनिट. मग अचानक तो गिरकी घ्यायला लागतो आणि थांबतच नाही. झगा फुलतो, चेहरा दिसेनासा होतो. साठी उलटल्यावरही ते असे गरगरायचे. हळू हलणं सोपं वाटतं, पण स्वतः करून बघा. एका पायावर उभे राहा आणि दुसरा पाय मिनिटभरात सावकाश वर न्या. विसाव्या सेकंदाला मांडी थरथरेल. वेगात चूक लपते. संथपणात प्रत्येक स्नायू बघणाऱ्यासमोर उघडा पडतो.

पण मला त्यांचं एकट्याचं नाचणं जितकं मोठं वाटतं, त्याहून मोठं वाटतं ते त्यांनी इतरांसोबत केलेलं काम.

कोलकात्यात ‘द ॲक्शन प्लेयर्स’ नावाचा कर्णबधिर कलाकारांचा नाट्यगट होता. देबूंनी त्यांच्यासोबत काम सुरू केलं आणि मग कर्णबधिरांसोबतचं काम अनेक वर्षं चालू ठेवलं. चेन्नईच्या क्लार्क शाळेतल्या मुलींना घेऊन ते २००५ मध्ये मेलबर्नच्या डेफलिम्पिक्सला गेले. आता विचार करा. नाच म्हणजे गाण्यावर हलणं, अशी आपली पक्की समजूत. ज्यांना गाणं ऐकू येत नाही त्यांचा नाच कसा बसवायचा? आकडे मोजून, नजरेच्या इशाऱ्यांनी, शेजारचीच्या श्वासाकडे लक्ष ठेवून, जमिनीतून पायाला जाणवणाऱ्या कंपनांवरून. दहा जणी एकाच क्षणी वळतात तेव्हा त्या ताल ऐकत नसतात, एकमेकींना बघत असतात. म्हणजे नाचाचं मूळ गाण्यात नसून शरीरांच्या एकमेकांकडे असलेल्या लक्षात आहे. कुठल्याही पुस्तकापेक्षा या मुलींनी ते जास्त स्पष्ट दाखवलं.

दिल्लीत सलाम बालक ट्रस्टच्या, रस्त्यावर वाढलेल्या मुलांसोबत त्यांनी काम केलं. आणि मणिपूरच्या पुंग चोलम वादकांसोबत तर वर्षानुवर्षं. पुंग म्हणजे मणिपुरी मृदंग. तो गळ्यात अडकवून वाजवत वाजवत नाचायचं, उड्या घ्यायच्या, हवेत असतानाही ताल सोडायचा नाही, अशी ती कला. मूळची वैष्णव संकीर्तनातली, पांढरं धोतर आणि पांढरा फेटा घालून करायची. देबूंनी या वादकांना घेऊन ‘ऱ्हिदम डिव्हाइन’ बसवलं. वादक तेच, वाद्य तेच, अंगातली शिस्त तीच. बदललं ते जागेचं गणित, वेग, शांततेची लांबी आणि कोण कुणाकडे बघतं ते. संकीर्तनाच्या मंडपातलं पुंग चोलम त्यामुळे बंद पडलं नाही. ते चालूच राहिलं आणि त्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट उभी राहिली.

पोहरादेवीच्या संदर्भात मला हेच म्हणायचंय. मणिपूरच्या ढोलावर असं काम होऊ शकतं, तर आमच्या नंगाऱ्यावर का नाही? होळीला तांड्यावर लेंगी गात, डफावर, गोल धरून रात्र रात्र नाचतात. तीजेला मुली टोपल्यात गहू उगवतात आणि त्याभोवती नाचतात. या नाचाला घाई नाही, त्याला स्वतःचा श्वास आहे. त्यातून आजचं, मोठं, तासभर चालणारं काही उभं राहू शकतं. पण सरकारी कार्यक्रमात हा नाच येतो तो पाहुण्यांच्या स्वागताला. फेटिया-कांचळी घातलेल्या बाया, तीन-चार मिनिटं, पाहुणे गाडीतून उतरून स्टेजपर्यंत पोहोचेपर्यंत. पाहुणे बसले की माइक सुरू आणि नाच बंद.

आपली भाषाच बघा

मराठीत ‘नृत्य’ आणि ‘नाच’ असे दोन शब्द आहेत आणि त्यांच्यामध्ये जातीची, वर्गाची भिंत आहे. भरतनाट्यम करते ती नृत्य करते. लावणी करते ती नाचते. तांड्यावरची बाई नाचते. वरातीत आपण नाचतो. नाटकाला आपल्याकडे ‘रंगभूमी’ म्हणतात, भूमीचा मान देतात. नाचाला ‘नाचगाणी’ म्हणतात आणि तो शब्द तोंड वाकडं करूनच उच्चारला जातो. पुरुषाला ‘नाच्या’ म्हणणं ही शिवी आहे. २०१० मध्ये आलेला ‘नटरंग’ तुम्ही पाहिला असेल. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. पैलवानी शरीराचा गुणा तमाशासाठी नाच्या होतो आणि गाव त्याला माणूस म्हणून जगू देत नाही. थिएटरात आपण रडलो आणि बाहेर येऊन कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाचणाऱ्या मुलाला तेच नाव ठेवलं.

कायद्याचंही तेच. महाराष्ट्राने नाचासंबंधी केलेला सगळ्यात गाजलेला कायदा कोणता? २००५ चा डान्स बार बंदीचा. सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी २०१३ मध्ये टिकू दिली नाही. मग २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि त्यातल्या कित्येक अटी न्यायालयाने २०१९ मध्ये सैल केल्या. मधल्या काळात हजारो बायकांची कमाई गेली. एवढ्या वर्षांत, एवढ्या चर्चांत, नाचणाऱ्या बाईला कामगार किंवा कलाकार म्हणून काय हवंय, हा प्रश्न कितीदा विचारला गेला? संस्कृतीचा प्रश्न मात्र रोज विचारला गेला.

आणि हे त्या राज्यात, ज्याच्या राजधानीत आधुनिक भारतीय नृत्याचा एक मोठा अध्याय घडला. उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात तयार झालेले शांती बर्धन मुंबईत आले, इप्टाच्या बॅले पथकासाठी अंधेरीत काम केलं, १९५२ मध्ये लिटल बॅले ट्रूप काढला आणि माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखं हलवत ‘रामायण’ उभं केलं. पुढे तो ट्रूप मुंबई सोडून ग्वाल्हेरला गेला. सचिन शंकर यांनी मुंबईतच बॅले युनिट चालवलं. आचार्य पार्वतीकुमार तर आपल्या कोकणातला मराठी माणूस. तंजावरच्या सरफोजी राजांनी नृत्यासाठी केलेल्या मराठी रचना त्यांनी शोधल्या, अभ्यासल्या आणि रंगमंचावर आणल्या. मराठीतून भरतनाट्यम! यातली किती नावं तुम्हाला शाळेत शिकवली? नाटककारांची यादी आपल्याला पाठ असते. नृत्यरचनाकार म्हटलं की आपण रिॲलिटी शोच्या परीक्षकांची नावं घेतो.

गॅदरिंग, स्पर्धा, रील

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. यातल्या कुठल्याही गावात डिसेंबर-जानेवारीत जा. शाळांची गॅदरिंग सुरू असतात. प्रत्येक गावात एक-दोन ‘डान्स सर’ असतात. पंचविशीतला पोरगा, भाड्याचा हॉल, एक ब्लूटूथ स्पीकर. गॅदरिंगचा सीझन संपला की लग्नाची संगीत, मग गणपती, मग नवरात्र. तीस-तीस पोरांना तो पंधरा दिवसांत सहा गाणी बसवून देतो. जागेचा वापर, रांगा बदलणं, उंच पोरं मागे, लाजरी पोरं मधे, पायरी चुकली तरी कळणार नाही अशी मांडणी. हे सगळं नृत्यरचनेचंच काम आहे. माझ्या दृष्टीने जिल्ह्यातले खरे कोरिओग्राफर हेच. त्यांच्याकडे कसब आहे. पण त्यांनी स्वतःचं काही रचावं असं त्यांना कुणी म्हणत नाही, कारण पालकांना गाणं ओळखीचं हवं आणि स्टेप टीव्हीवर होती तशीच हवी.

स्पर्धांचं काय? स्पर्धेत पाच मिनिटं मिळतात आणि परीक्षक ‘एनर्जी’ आणि ‘कॉस्च्युम’ला गुण देतात. पाच मिनिटांत शांतता बसत नाही. देबूंचा हात वर जाईपर्यंत घंटा वाजली असती. सरकारचंही माप हेच. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिल्या किंवा लोककलेत भाग घेतला तर वाढीव गुण मिळतात. चांगली गोष्ट आहे, कितीतरी पोरं त्यामुळे क्लासला टिकली. पण गुण शिकलेल्याचे आहेत, स्वतः रचलेल्याला रकाना नाही.

आता रील. रीलला शिव्या घालणारे लेख भरपूर झाले, मला त्यात भर घालायची नाही. फोनमुळे या जिल्ह्यातल्या मुली पहिल्यांदाच कुणाची परवानगी न विचारता नाचल्या. शेताच्या बांधावर, गच्चीवर, म्हशीच्या गोठ्यासमोर. हे छोटं नाही. ‘नाचून काय भेटते बे?’ असं विचारणाऱ्या गावाला त्यांनी लाखभर व्ह्यूजचं उत्तर दिलं. मी ॲप बनवण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे एवढंच सांगतो: ॲपला तुमचा नाच नको असतो, तुमची पुनरावृत्ती हवी असते. एकाच आवाजावर लाख लोकांनी तीच स्टेप केली की ती यंत्रणा खूश. जिने स्टेप बदलली तिचं रील कमी फिरतं. शिवाय उभ्या पडद्यात बाजूला जागा नसते, म्हणून नाच समोर तोंड करून, एका जागी, कमरेच्या वर होतो. पाय हळूहळू चौकटीतून बाहेर गेले. आपल्या सगळ्या लोकनृत्यांत पाय आणि गोल हेच तर मुख्य आहेत. गोल धरायला आजूबाजूला माणसं लागतात. रीलमध्ये माणूस एकटा असतो.

म्हणून प्रश्न रील चांगलं की वाईट हा नाही. रीलनंतर काय, हा आहे. सतरा वर्षांच्या ज्या मुलीचं शरीर तीस सेकंदांत एवढं बोलतं, तिला तीस मिनिटं बोलायची असतील तर आपण तिला पुढची कुठली पायरी देतो? पुण्याला जा, असं सांगतो. ते जमलं नाही तर लग्न.

हरकती

पहिली हरकत मला तोंडपाठ आहे. वाशिम हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. सोयाबीनला भाव नाही, विहिरीला पाणी नाही, शेतकरी आत्महत्या करतोय आणि तुम्हाला नाचाचं सुचतंय? यावर माझं उत्तर असं. त्या यादीत जिल्ह्याची प्रगती पाच विषयांवर मोजतात: आरोग्य आणि पोषण, शिक्षण, शेती आणि पाणी, आर्थिक समावेशन आणि कौशल्य, मूलभूत सुविधा. पाचही योग्य आहेत, त्यांचा पैसा काढून नाचाला द्या असं मी म्हणत नाही. पण गरीब जिल्ह्यातल्या माणसाला फक्त पोट असतं आणि कल्पना मुंबईच्या माणसालाच असते, हे कुणी ठरवलं? ज्या तांड्यावर पाण्याचा टँकर येतो त्याच तांड्यावर लेंगी होते. दुष्काळात ती बंद पडली नाही. आणि खरं सांगायचं तर संस्कृतीवर खर्च होतोच आहे. महोत्सव होतात, मंडप पडतात, कमानी उभ्या राहतात, पाहुण्यांचं मानधन जातं. त्या खर्चातला वाटा, खर्च वाढवा असंही नाही, त्यातलाच वाटा मागायचा आहे.

दुसरी हरकत: देबूंना हे जमलं कारण ते शहरातले, इंग्रजी येणारे, पासपोर्ट असणारे. आमच्या पोरांना कोण मालवाहू बोटीवर घेणार? हरकत शंभर टक्के बरोबर आहे. पण तिचा निष्कर्ष उलटा काढला जातो. एखादं काम फक्त ज्यांना परवडतं तेच करू शकत असतील, तर ते काम श्रीमंतांचं आहे असं म्हणून सोडून द्यायचं, की ते सगळ्यांना परवडावं अशी व्यवस्था करायची? इंजिनिअरिंग कॉलेजं जिल्ह्याजिल्ह्यात आली तेव्हा आपण दुसरा मार्ग धरला. माझ्यासारखी पोरं त्यातूनच निघाली. कलेच्या बाबतीत मात्र आपल्याला पहिला मार्ग आठवतो.

तिसरी हरकत तांड्यावरून येईल आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. आमचा नाच घेऊन बाहेरचा माणूस प्रयोग करणार, टाळ्या त्याला, आणि आम्ही मागे रांगेत? मणिपूरच्या वादकांबद्दलही हा प्रश्न विचारायलाच हवा. माझं म्हणणं असं की ते वादक देबूंच्या मागे साथीला बसले नाहीत, ते स्वतः नर्तक म्हणून पुढे आले, देश-विदेशात गेले. तरीही रचनाकार म्हणून नाव एकाचंच राहिलं, हे खरं. म्हणूनच मी वाशिमला कुणी नवा देबू पाठवा असं म्हणत नाही. मी तांड्यातला नाही आणि लेंगीचं पुढे काय व्हावं हे ठरवणं माझं काम नाही. रचनाकार तांड्यातूनच यायला हवा. ती मुलगी तिथे आहे, याबद्दल मला शंका नाही. तिला अडवणाऱ्या गोष्टी मात्र तांड्याबाहेर आहेत आणि त्याबद्दल बोलणं माझंही काम आहे.

चौथी हरकत: हे सगळं पाश्चात्त्य आहे. यावर फार वेळ घालवत नाही. पेटी पाश्चात्त्य आहे. नाटकाची पडदा असलेली चौकट पाश्चात्त्य आहे. क्रिकेट, पाव, पँट, सगळं तिकडचं. उदय शंकरांनी १९२३ मध्ये ॲना पाव्हलोवासोबत राधा-कृष्ण नाचलं त्याला शंभर वर्षं होऊन गेली. शंभर वर्षांनीही एखादी गोष्ट परकी राहत असेल तर तिला घरात घ्यायचं नाही हे आपणच ठरवलेलं असतं.

मागणं

मागण्या तीन आहेत आणि तिन्ही साध्या आहेत.

पहिली, जमीन. शब्दशः जमीन. स्टेज आपल्याकडे गावोगाव आहेत, सिमेंटचे, उंच, उन्हात तापणारे. सिमेंटवर रोज दोन तास उड्या मारल्या तर नडगीचं हाड दुखायला लागतं, मग गुडघे, मग कंबर. पुढे पोरगी नाच सोडते आणि आपण म्हणतो, तिची आवड कमी झाली. नाचाची फ्लोअर वेगळी असते. लाकडी फळ्या, त्याखाली आडव्या पट्ट्या किंवा रबराचे पॅड, मधे थोडी पोकळी. पाय आदळला की जमीन थोडी दबते आणि धक्का स्वतः घेते. यात कुठलंही मोठं तंत्रज्ञान नाही, गावातला सुतार नकाशा बघून करेल. एक खोली, तीस बाय चाळीस फुटांची, एका भिंतीला आरसा, पंखे, मुलींसाठी स्वच्छ संडास आणि संध्याकाळी सहा ते नऊ उघडी. जिल्ह्यात अशी एकही सार्वजनिक खोली मी पाहिलेली नाही. पोहरादेवीच्या संग्रहालयाच्या आवारात ती व्हावी. नंगाऱ्याच्या इमारतीत रोज संध्याकाळी खरा नंगारा वाजू द्या.

दुसरी, वेळ. म्हणजेच पैसा. बक्षीस काम झाल्यावर मिळतं, पण भाकरी काम चालू असताना लागते. दरवर्षी जिल्ह्यातल्या दोन जणांना सहा महिन्यांचं मानधन द्या. अट एकच, शेवटी नवं काहीतरी दाखवायचं. फसलं तरी चालेल. देबूंचं सगळंच काम जमलं असं कुठे आहे? पण त्यांना फसायला पन्नास वर्षं मिळाली. आमच्या डान्स सरला फसायला एक गॅदरिंगही मिळत नाही, कारण पुढच्या वर्षीचं कंत्राट जातं.

तिसरी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. डोळे हवेत, आणि भाषा हवी. मराठीत नाटकाचं समीक्षण आहे, सिनेमाचं तर प्रत्येकजण करतो. नाचाबद्दल आपण ‘छान बसवलंय’ आणि ‘मस्त एनर्जी’ यापलीकडे जात नाही. रोहिणी भाटे यांच्यासारख्या काहींनी मराठीत नृत्यावर मनापासून लिहिलं, पण तो धागा फार थोड्यांनी पुढे नेला. जे नीट सांगता येत नाही ते नीट बघितलंही जात नाही आणि जे बघितलं जात नाही त्याला कुणी खोली बांधून देत नाही.

तेव्हा सुरुवात इथून करा. देबूंची एखादी क्लिप शोधा, दहा मिनिटांची. फोन आडवा धरा. पुढे ढकलू नका. कंटाळा आला तर येऊ द्या आणि नेमका कुठे आला ते लक्षात ठेवा. नंतर मित्राला तीन वाक्यांत सांगा की काय पाहिलं. ‘भारी’ हा शब्द वापरायचा नाही. पुढच्या गॅदरिंगला गेलात तर तेच तिथल्या नाचाबद्दल करा आणि स्टेजमागे जाऊन त्या डान्स सरला विचारा: गाणं कुणी निवडलं? रांग कुणी बदलली? स्वतःचं काही बसवलंय का? तो आधी गोंधळेल, कारण हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो. उत्तर ऐकायला थांबा.